वाचनालयाचा कोहा सर्व्हर इंटरनेटवर आणलाय. काय उघडं ठेवायचं, काय बंद?

ग्रंथमित्र

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांची नोंद कोहा या वाचनालयाचं काम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण झाली. आतापर्यंत ते वाचनालयातल्याच एका संगणकावर चालायचं. पुस्तक शिल्लक आहे की बाहेर गेलंय, हे सभासदांना घरबसल्या कळावं असं कार्यकारिणीने ठरवलं, म्हणून छोटा व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, भाड्याने घेतला. ४ जीबी रॅम, डेबियन १२ हे लिनक्स, त्यावर अपाची हा वेबसर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि कोहा. वाचकांचं पान व्यवस्थित उघडतंय.

हे सगळं बसवून देणारा मुलगा आता नोकरीसाठी हैदराबादला गेला. जाताना त्याने वहीत लिहून ठेवलंय: "फायरवॉल चालू. पासवर्डने लॉगिन बंद. बॅकअप रोज." मी स्वतः यूएफडब्ल्यू या फायरवॉलची स्थिती पाहिली, तर २२, ८० आणि ४४३ एवढीच पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, उघडी दाखवतंय. म्हणजे निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

विचारायचं कारण असं की लॉगमध्ये रात्रंदिवस कोणीतरी 'रूट', 'अॅडमिन', 'ओरॅकल', 'पोस्टग्रेस' अशा नावांनी आत शिरायला बघतंय. आमच्या वाचनालयात एवढा रस कुणाला असेल?

---

टर्मिनलवाली

काका, रस वाचनालयात नाही, आयपी पत्त्यात आहे. आयपीव्ही४ चे सगळे मिळून ४ अब्जांच्या आसपास पत्ते. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन काढलं. एका गिगाबिट जोडणीवरून ते सगळं इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत चाळून काढतं, आणि तो आकडा २०१३ चा आहे. त्यामुळे तुमच्या सर्व्हरला कुणी शोधत आलेलं नाही. सगळ्यांनाच चाळतात, त्यात तुम्हीही आलात.

लॉगमधले अयशस्वी प्रयत्न बघून घाबरू नका. वहीतल्या तीन ओळींवर मात्र विश्वास ठेवू नका. तो मुलगा खोटं लिहून गेला असं नाही म्हणत. फाइलीत लिहिलेलं आणि प्रत्यक्ष चालू असलेलं यात लिनक्सवर बरंच अंतर पडू शकतं. तीन गोष्टी करा आणि इथे सांगा.

सर्व्हरवर 'एसएस' ही कमांड टी, एल, एन, पी या पर्यायांनी चालवा. कोणता प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर ऐकतोय ते दिसेल. मग घरच्या लॅपटॉपवरून, म्हणजे सर्व्हरच्या बाहेरून, एनमॅप या पोर्ट शोधणाऱ्या साधनाने सगळी ६५५३५ टीसीपी पोर्ट तपासा. नुसतं एनमॅप चालवलं तर ते नेहमीची हजारच बघतं. शेवटी सर्व्हरवर रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून 'एसएसएचडी' कॅपिटल टी लावून चालवा; एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, तो सांभाळतो. त्यात पासवर्ड ऑथेंटिकेशनच्या पुढे 'यस' आहे की 'नो', ते बघा.

---

ग्रंथमित्र

ताई, तिन्ही केलं, आणि आता मात्र घाम फुटलाय.

बाहेरून २२, ८०, ४४३ दिसली. त्याशिवाय ८०८० आणि ८०८१ पण! ८०८० वर कोहाचं कर्मचाऱ्यांचं पान आहे, ८०८१ वर अॅडमिनर नावाचं डेटाबेसचं पान उघडतंय. यूएफडब्ल्यूमध्ये ८०८० चा 'आयपीव्ही६' असा एक जुना नियम खाली होता, तो माझ्या नजरेतून सुटला असं एक वेळ मान्य. पण ८०८१ चा तर नियमच नाही. तरी ते उघडं कसं?

आणि एसएसएचमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन 'यस' आलं. मुख्य फाइल उघडून पाहिली, तिच्यात स्वच्छ 'नो' लिहिलंय.

---

कृष्णाकाठ

८०८१ चं कोडं सोपं आहे: डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन. तो अॅडमिनर डॉकरमध्ये चालवलेला असणार.

यूएफडब्ल्यू जे नियम घालतं ते प्रामुख्याने सर्व्हरकडेच येणाऱ्या पॅकेटसाठी, म्हणजे 'इनपुट' साखळीत. डॉकरमध्ये पोर्ट प्रसिद्ध केलं की डॉकर स्वतःच आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, नियम घालतं. पॅकेट येताक्षणी त्याचा पत्ता बदलून ते कंटेनरकडे वळतं आणि 'फॉरवर्ड' साखळीतून जातं. इनपुटच्या नियमांशी त्याची गाठच पडत नाही. पुढच्या दारावर वॉचमन बसवलाय आणि माल मागच्या गल्लीतून आत जातोय, असा प्रकार. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नाही. त्याला स्वतःचे नियम माहीत आहेत, तेवढेच तो दाखवतो.

वर्षानुवर्षं हे असंच आहे आणि डॉकरच्या कागदपत्रांत लिहिलेलंही आहे. तरी दर महिन्याला कुणाचा तरी रेडिस नाहीतर पोस्टग्रेस डेटाबेस यातूनच उघडा पडतो. मग काही तासांत त्यावर 'केडेव्हटीएमपीएफएसआय' नावाची प्रोसेस शंभर टक्के सीपीयू खात बसलेली सापडते. नाव मुद्दाम कर्नलच्या प्रोसेससारखं ठेवलंय, असतं मात्र क्रिप्टो काढणारं मालवेअर.

उपाय: पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ लावायचं, म्हणजे ते फक्त सर्व्हरच्या आतून दिसतं. तुमच्या बाबतीत मात्र तो कंटेनर उडवूनच टाका. डेटाबेस बघायला मारियाडीबीची साधी कमांड पुरते. वेबवर डेटाबेसचं पान ठेवायची काही गरज नाही.

---

ढगातला_माणूस

एवढ्या भानगडी कशाला? व्हीपीएस देणाऱ्यांच्या पॅनेलमध्ये स्वतंत्र फायरवॉल असते. ती सर्व्हरच्या बाहेर, नेटवर्कवर बसते, त्यामुळे डॉकर तिला वळसा घालू शकत नाही. तिथे ८०, ४४३ आणि २२ सोडून सगळं बंद करा, पाच मिनिटांचं काम. आणि पुढे क्लाउडफ्लेअर ही मध्ये उभी राहणारी सेवा लावा, म्हणजे सर्व्हरचा खरा पत्ताच दिसणार नाही.

---

कृष्णाकाठ

पॅनेलमधल्या फायरवॉलला शंभर टक्के अनुमोदन. दोन्ही ठेवा.

क्लाउडफ्लेअरबद्दल जरा थांबा. एन्क्रिप्शन त्यांच्याकडे उघडतं आणि पुन्हा लागतं. कोणता सभासद कुठलं पुस्तक शोधतोय, हे त्यांच्या यंत्रातून उघड्या रूपात जाणार. गावातल्या वाचनालयाला ते चालत असेल, पण निदान कार्यकारिणीला सांगून करावं. शिवाय सर्व्हर आधीच थेट इंटरनेटवर होता, पत्ता जुन्या नोंदींत सापडतोच. ८० आणि ४४३ फक्त क्लाउडफ्लेअरच्याच पत्त्यांसाठी उघडी ठेवली नाहीत, तर पुढे लावून फारसा फायदा नाही.

---

टर्मिनलवाली

आता एसएसएच. डेबियन आणि उबुंटूमध्ये मुख्य फाइलीच्या अगदी वरच्या भागात एक 'इन्क्लूड' ओळ असते. ती 'एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी' या फोल्डरातल्या फाइली आधी वाचायला लावते. आणि एसएसएचचा नियम असा की पहिल्यांदा जे मूल्य सापडेल तेच धरायचं, नंतरचं सोडून द्यायचं. बहुतेक प्रोग्रॅमांत शेवटचं मूल्य चालतं, इथे उलटं. व्हीपीएस देणाऱ्यांच्या तयार इमेजमध्ये क्लाउड-इनिट हा नवा सर्व्हर तयार करून देणारा प्रोग्रॅम त्या फोल्डरात '५०-क्लाउड-इनिट' अशा नावाची फाइल टाकून ठेवतं. तिच्यात पासवर्डला 'यस' असतं. ती आधी वाचली गेली, खालच्या तुमच्या 'नो' ला कुणी विचारलंच नाही.

त्याच फोल्डरात '१०-वाचनालय' अशी (अर्थात रोमन अक्षरांत) स्वतःची फाइल करा. नावाच्या क्रमाने वाचतात, म्हणून १० आधी येईल. तिच्यात चार ओळी पुरे: पासवर्ड ऑथेंटिकेशन 'नो', केबीडी-इंटरॅक्टिव्ह 'नो', रूट लॉगिन 'नो', आणि 'अलाऊ यूझर्स' मध्ये तुमचं एकट्याचं नाव. रूट बंद करण्याआधी तुमच्या खात्याला सुडो (रूटची कामं करायची परवानगी) आहे आणि किल्लीने लॉगिन होतंय, एवढं पाहून घ्या. किल्ली ईडी२५५१९ प्रकारची करा आणि तिला पासफ्रेज द्या.

मग लहान टी लावून एसएसएचडी चालवा, लिहिण्यात चूक असेल तर ते सांगेल. सेवा रीलोड करा. चालू असलेली खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होतंय हे दिसल्यावरच पहिली सोडा. शेवटी पुन्हा कॅपिटल टी. तिथे 'नो' दिसलं तरच झालं म्हणायचं.

---

फाटकी_सतरंजी

पोर्ट २२ बदलून २२२२ करा, लॉग एकदम शांत होतो.

---

टर्मिनलवाली

लॉग शांत होतो, सर्व्हर तेवढाच सुरक्षित राहतो. (२२२२ तर बॉटही तपासतात, बदलायचंच तर दुसरं काही घ्या.) किल्ली सोडून काही चालत नसेल तर पासवर्डचे हजारो अंदाज केले तरी हाती काही लागत नाही.

---

फाटकी_सतरंजी

शांत लॉगची किंमत कमी लेखू नका ताई. गोंगाटात खरी गोष्ट दिसत नाही. माझा मुद्दा तेवढाच.

बाय द वे, २२ आकड्याची गोष्ट छान आहे. १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, तेव्हा एफटीपीकडे २१ आणि टेलनेटकडे २३ होतं. मधला २२ रिकामा होता. त्यांनी तो मागायला ईमेल केला आणि मिळालासुद्धा. आज असा एक आकडा मिळवायला किती समित्यांपुढे उभं राहावं लागेल!

---

मुक्काम_फ्रँकफर्ट

फेलटूबॅन, म्हणजे वारंवार चुकीचं लॉगिन करणारे पत्ते अडवणारा प्रोग्रॅम, लावलंय का? लावलं असेल तर खरंच चालू आहे का, ते बघा. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलींत लिहिणारा प्रोग्रॅम) आपोआप बसत नाही, त्यामुळे ऑथ लॉगची फाइलच नसते. फेलटूबॅन ती फाइल शोधतं, सापडली नाही की सुरूच होत नाही. आणि बसवणाऱ्याला वाटतं, बसवलं म्हणजे चालू आहे. 'जेल डॉट लोकल' या त्याच्या सेटिंगच्या फाइलीत बॅकएंड 'सिस्टमडी' (सेवा चालवणारी आणि त्यांचे लॉग ठेवणारी लिनक्सची व्यवस्था) करायचं आणि पायथनचं सिस्टमडी पॅकेज बसवायचं. मग क्लायंटला स्थिती विचारायची. अडवलेल्या पत्त्यांची यादी वाढत असेल तर ते जागं आहे.

एक जपून: बंदीची वेळ फार लांब ठेवू नका. आपल्याकडे मोबाइल नेटवर शेकडो लोक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. एकाच्या उपद्रवापायी बाकीचे अडकतात. पासवर्ड बंद असताना फेलटूबॅन एरवीही दुय्यम गोष्ट आहे.

---

ग्रंथमित्र

बसवलेलं होतं आणि बंद होतं! अगदी तेच कारण. आता चालू झालंय.

डॉकरचा कंटेनर काढला, पॅनेलमधली फायरवॉल लावली, पासवर्ड खरोखर बंद झाला. पण ८०८० बंद केल्यावर ग्रंथपालबाईंचा लगेच फोन. त्या वाचनालयातून, आणि कधी घरून, त्याच पानावर पुस्तकांची देवघेव करतात. वाचनालयाचं ब्रॉडबँड आहे पण आयपी बदलत राहतो, म्हणून 'फक्त या पत्त्यावरून येऊ द्या' असा नियमही करता येत नाही.

---

टर्मिनलवाली

खरी मेख या पानात आहे. वाचकांचं पान जगाला दिसायलाच हवं. कर्मचाऱ्यांच्या पानावर मात्र सभासदांची नावं, पत्ते, फोन, कुणी काय वाचलं, सगळं आहे. ते पान इंटरनेटवर मुळात नसावं. चांगला पासवर्ड ठेवून ते उघडं ठेवणं वेगळं आणि ते नसणंच वेगळं. उद्या कोहाच्या लॉगिन पानातच एखादी त्रुटी निघाली, तर चांगला पासवर्ड काय करणार?

वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा, बसवा. २०२० मध्ये ५.६ आवृत्तीपासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. सर्व्हरवर एक यूडीपी पोर्ट लागतं, सहसा ५१८२० घेतात. वाचनालयाचा संगणक, बाईंचा लॅपटॉप आणि तुमचा, अशा तीन किल्ल्या. बाईंचा आयपी बदलला तरी फरक पडत नाही. जोडणी त्यांच्याकडून सुरू होते, त्यामुळे त्या सीजीनॅटच्या (अनेकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता) मागे असल्या तरी चालतं. आणि ओळखीची किल्ली नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. बाहेरून चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

मग अपाचीला सांगायचं, ८०८० वर फक्त वायरगार्डच्या आतल्या पत्त्यावर ऐक. 'लिसन' ओळीत पोर्टच्या आधी तो पत्ता लिहायचा. कोहाच्या साइट फाइलीत वाचक आणि कर्मचारी असे दोन्ही व्हर्च्युअल होस्ट एकाच ठिकाणी असतात, त्यातल्या दुसऱ्याला हात लावायचा. एक अडचण येईल: सर्व्हर रीबूट झाल्यावर वायरगार्डच्या आधी अपाची सुरू झालं तर तो पत्ता अजून नसतो आणि अपाची उठतच नाही. सिस्टमडीमध्ये अपाचीला 'वायरगार्डच्या नंतर' असं सांगून ठेवा. आणि एकदा खरंच रीबूट करून बघा, रविवारी.

शिवाय कोहात दोन टप्प्यांचं लॉगिन आहे, मोबाइलवरच्या कोडचं. ते बाईंच्या खात्याला लावा.

---

ढगातला_माणूस

ग्रंथपालबाई रोज सकाळी वायरगार्ड चालू करतील? मला शंका आहे.

---

टर्मिनलवाली

रोज चालू करायला लागतच नाही. विंडोजवर ते सेवा म्हणून बसतं, संगणक सुरू झाला की आपोआप जोडलं जातं. त्यांना कळणारही नाही. कळू नयेच. गावातल्या ग्रंथपालाला सुरक्षेसाठी एक जादा क्लिक करायला लावली, तर पंधरवड्यात कुणीतरी ती क्लिक काढायची युक्ती शोधतं.

---

मुक्काम_फ्रँकफर्ट

कर्मचाऱ्यांच्या पानासाठी 'स्टाफ डॉट अमुक' अशा नावाने लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, ब्राउझरमधल्या कुलपासाठीचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर ते नाव जगजाहीर आहे हे ध्यानात घ्या. प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवह्यांत चढतं आणि बॉट त्या नोंदवह्या सतत वाचत बसलेले असतात. प्रमाणपत्र निघाल्यावर मिनिटांत चौकश्या सुरू होतात: 'डॉट ईएनव्ही' फाइल आहे का, 'डॉट गिट' आहे का, वर्डप्रेसचं लॉगिन आहे का. नाव लपलेलं राहील या भरवशावर काही ठेवू नका. नाव झाकायचंच असेल तर डीएनएस पद्धतीने वाइल्डकार्ड (सगळ्या उपनावांना चालणारं) प्रमाणपत्र घ्या.

प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट, म्हणजे ते आणून देणारा प्रोग्रॅम, दिवसातून दोनदा तपासतं, मुदत महिन्यावर आली की नूतनीकरण करतं. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायची. जून २०२५ पासून ती बंद झाली. म्हणजे काही बिघडलं तर सभासदाच्या ब्राउझरवर लाल पान आल्यावरच तुम्हाला कळणार. बाहेरून रोज एकदा मुदत तपासणारी छोटी स्क्रिप्ट दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर लावा. आणि नूतनीकरणानंतर अपाची रीलोड होतं ना, तेही पाहा. नवी फाइल डिस्कवर पडलेली असते आणि अपाची जुनीच मेमरीतून देत असतं.

हाताने प्रमाणपत्र बदलायची सवय असलेल्यांनी तर आताच सोडावी. सगळ्याच प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७.

---

रात्रपाळी

अपडेटबद्दल कोणी बोललं नाही. अनअटेंडेड-अपग्रेड्स बसवा, डेबियनचे सुरक्षा अपडेट रात्री आपोआप येऊ द्या. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधली 'रिग्रेशन' त्रुटी जाहीर केली. २००६ मध्ये बुजवलेलं भोक नकळत पुन्हा उघडलं होतं, लॉगिन न करता रूट मिळण्याची शक्यता होती. डेबियनने त्याच दिवशी दुरुस्ती दिली. आपोआप अपडेट असणारे झोपेत सुरक्षित झाले.

कोहाचं भांडार वेगळं असल्याने ते यात येत नाही, आणि येऊही देऊ नका. कोहाचं अपडेट डेटाबेसची रचना बदलतं. ते बॅकअप घेऊन, सुट्टीच्या दिवशी, हाताने.

---

फाटकी_सतरंजी

आणि २०२४ च्याच मार्चमधलं एक्सझेड या फाइली दाबायच्या साधनाचं प्रकरण? तिथे तर अपडेटमधूनच मागचं दार आलं होतं. ज्यांनी घाईने ५.६.० आणि ५.६.१ घेतलं ते अडकले. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून जग वाचलं. आपोआप अपडेटचा एवढा उदो उदो नको.

---

रात्रपाळी

ते डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचलंच नव्हतं, टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये होतं. स्थिर आवृत्ती वापरायची ती यासाठीच. सुरक्षा अपडेटमध्ये नवी आवृत्ती येत नाही, जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावून देतात. म्हणूनच डेबियन १२ चं ओपनएसएसएच आजही ९.२ दाखवतं. एखादं स्कॅनर 'धोकादायक आवृत्ती' म्हणून ओरडलं तर नुसता आकडा बघून घाबरू नका, पॅकेजच्या आवृत्ती-क्रमांकाचं शेपूट बघा.

कर्नलचं अपडेट रीबूट केल्याशिवाय लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. वर्षभर रीबूट न झालेला सर्व्हर हा अभिमानाचा विषय राहिलेला नाही.

---

ग्रंथमित्र

वायरगार्ड झालं. बाईंना खरंच काही कळलं नाही, फक्त पत्ता बदलला म्हणून बुकमार्क करून दिला.

आता नवीनच दुखणं. दुपारी वाचकांचं पान इतकं हळू होतं की शेवटी बंदच पडतं. लॉगमध्ये शोधाच्या पानावर विनंत्यांचा पूर आलाय, प्रत्येक विनंती वेगळ्या देशातून, वेगळ्या पत्त्यावरून. हा हल्ला आहे का?

---

कृष्णाकाठ

हल्ला नाही. एआयला खाऊ घालायला मजकूर गोळा करणारे बॉट. जगभरातली वाचनालयं यांनी बेजार झालीत. कोहाच्या शोधपानावर डावीकडे लेखक, विषय, वर्ष असे गाळे, म्हणजे शोध गाळायचे पर्याय, असतात. एकावर एक टिचकी मारत गेलं की नवनवे पत्ते तयार होतात, त्याला अंत नाही. माणूस दोन गाळे लावतो आणि पुस्तक घेऊन जातो, बॉट सगळी जुळणी करून बघतो. आणि प्रत्येक जुळणीला झेब्रा (कोहाचं शोधयंत्र) आणि मारियाडीबी दोघांनाही राबावं लागतं.

फेलटूबॅन इथे कामाचं नाही, कारण एका पत्त्यावरून एक-दोनच विनंत्या येतात. बॉटना कुठे येऊ नका ते सांगणारी रोबोट्सची फाइल लावा, पण ती पाळणारेच पाळतात. मी आमच्याकडे दोन गोष्टी केल्या. गाळे लावलेल्या, लांबलचक पत्त्याच्या शोधांना लॉगिन नसेल तर अपाचीतूनच नकार. आणि पुढे अनुबिस. ते ब्राउझरला एक छोटं गणित सोडवायला लावतं. माणसाला सेकंदभर थांबावं लागतं, हजारो पानं ओढणाऱ्याला ते महाग पडतं. जावास्क्रिप्ट बंद ठेवणाऱ्यांना मात्र त्रास होतो, आणि जुन्या फोनवर वेळ लागतो. तुमच्या सभासदांकडचे फोन कसे आहेत ते बघून ठरवा. आधी पहिला उपाय करून पाहा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

---

शंकेखोर_वकील

एक प्रश्न: लॉग किती दिवस ठेवता? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचीही आहे. निर्देश सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, बॉडी कॉर्पोरेट आणि शासकीय संस्थांना लागू आहेत. नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालय यात बसतं का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद घटना घडल्यावर घालायची वेळ येऊ नये.

---

रात्रपाळी

डेबियनमध्ये अपाचीचा लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढणारा प्रोग्रॅम) रोज फिरतो आणि १४ प्रती ठेवतो. म्हणजे दोन आठवडे. आकडा १८० करा, दाबून ठेवल्या की जागा फार लागत नाही. कोहाचे लॉग वेगळ्या फोल्डरात जातात, त्यांचा नियम वेगळा. आणि सर्व्हरचं घड्याळ एनटीपीला, म्हणजे नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला, जोडलेलं असू द्या. वेळ चुकलेला लॉग पुराव्याला काय उपयोगाचा?

---

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, लॉग जपा म्हणताय ते ठीक, पण वाचनाचा इतिहास जपू नका असंही कुणीतरी सांगायला हवं. कोण सभासद काय वाचतो हे पुस्तक परत आल्यावर वाचनालयाला माहीत असायची गरज काय? कोहात यासाठी सोय आहे. एक निनावी सभासद तयार करायचा, त्याचा क्रमांक सेटिंगमध्ये द्यायचा, आणि ठरावीक मुदतीपेक्षा जुनी देवघेव त्याच्या नावावर टाकणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) लावायची. किती पुस्तकं गेली याचे आकडे राहतात, त्यामुळे अनुदानाच्या अहवालाला अडचण येत नाही. नावं तेवढी जातात. सर्व्हर उद्या फुटलाच, तर चोराच्या हाती कमी लागेल.

---

टर्मिनलवाली

आणि वहीतली तिसरी ओळ राहिली: "बॅकअप रोज." काका, किती दिवसांचे आहेत आणि कुठे आहेत?

---

ग्रंथमित्र

सर्व्हरवरच, स्पूलमधल्या कोहाच्या फोल्डरात. फक्त कालचा आणि आजचा.

---

टर्मिनलवाली

बरोबर, कोहाचं पॅकेज रोज बॅकअप घेतं आणि मूळ सेटिंगमध्ये दोनच दिवसांचे ठेवतं. शुक्रवारी कुणी काही उडवलं आणि सोमवारी लक्षात आलं, तर चांगली प्रत एकही उरणार नाही. आणि सर्व्हर गेला तर दोन्ही प्रती त्याच्याबरोबर जाणार.

रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम वापरा. ते मुळातच एन्क्रिप्ट करून ठेवतं, सभासदांची माहिती असल्याने ते हवंच. प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे पाठवा, तिथे 'फक्त भर घाला, पुसू नका' अशी परवानगी असू द्या. म्हणजे सर्व्हरवर शिरलेला माणूस जुन्या प्रती पुसू शकणार नाही. रोजच्या सात, आठवड्याच्या चार, महिन्याच्या बारा ठेवा. छाटणी सर्व्हरवरून नको, तुमच्या लॅपटॉपवरून करा. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून वाचनालयाच्या कपाटात ठेवा. तो फक्त त्या सर्व्हरवरच असेल, तर बॅकअप असून नसल्यासारखा.

मग वाचनालयातल्या जुन्या संगणकावर कोहा-रिस्टोअरने ती प्रत उभी करून बघा. सभासद आणि पुस्तकं मोजा, आकडे जुळतात का ते पाहा.

---

ग्रंथमित्र

केलं. जुन्या संगणकावर प्रत उभी राहिली, सभासदांची आणि पुस्तकांची संख्या जुळली. बाहेरून पुन्हा एनमॅप केलं: २२, ८०, ४४३, बाकी काही नाही. आयपीव्ही६ वरूनही वेगळं तपासलं. गाळ्यांचे शोध लॉगिनशिवाय बंद केल्यावर दुपारचा लोडही उतरला, अनुबिस तूर्त लावत नाही. रविवारी रीबूट केलं तर अपाची खरंच उठलं नाही, ताईंनी सांगितलेली ओळ घातल्यावर उठलं. वहीत आता प्रत्येक नोंदीपुढे ती तपासायची कमांड लिहायला लागलोय.

एकच राहिलं. 'ज्ञानेश्वरी' शोधलं की सापडतं, पण जोडाक्षरांच्या काही शब्दांना कोहा अर्धवटच उत्तर देतं. हे सुरक्षेचं नाही, पण सभासद तेच जास्त विचारतात.

---

मुक्काम_फ्रँकफर्ट

झेब्रा कुठल्या पद्धतीने अनुक्रमणिका करतंय ते बघा. मूळ पद्धत लॅटिन लिप्यांच्या हिशोबाने बनलेली आहे. देवनागरीसाठी आयसीयू (जगातल्या सगळ्या लिप्यांचे नियम कळणारी पद्धत) लागतं, आणि ते लावल्यावर सगळी अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. यात बोलण्यासारखं बरंच आहे. वेगळा धागा काढा, तिथे माझी आयसीयूची फाइल टाकतो.